मागून नेलेला तंबोरा

मासांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी ज्याच्याविषयी सांगितले, तो महिना जोगाईच्या आंब्यास खरोखरच उत्सवाचा असतो. श्रीयोगेश्वरीचा मार्गशीर्षातील उत्सव पौर्णिमेस पूर्ण होतो आणि तीच दत्तजयंती. त्यामुळे आमच्या अंबानगरीत या दिवसांत घरोघरी पाहुणे, देवळात गोंधळ-आरत्या आणि आमच्यासारख्या कीर्तनकारांना घसा शेकण्यासही सवड नाही, अशी अवस्था असते. यंदा मात्र या धामधुमीत आमचे चित्त घरातील एका रिकाम्या खुंटीकडे वारंवार जाते आहे. त्या खुंटीवर आमच्या वडिलांचा तंबोरा असतो. तो सध्या परळीस आहे. आमच्या कन्येची कन्या, वय वर्षे पंधरा, हिने तो मागून नेला आहे.

तंबोरा मिरजेचा. हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर चार वर्षांनी, म्हणजे १९५२ साली, ती. अण्णांनी तो स्वतः जाऊन आणला. लातूर-मिरज अशी नॅरोगेज गाडी त्या काळी कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे धावत असे. पंढरीस उतरून पांडुरंगाचे दर्शन घ्यावे आणि पुढे मिरज गाठावी, असा तो प्रवास. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाखाली फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्ये घडविण्यास आरंभ केला. मूळचे घराणे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे! ज्या हातांनी तलवारी पाजळल्या, त्याच हातांनी तार बोलती केली, ही गोष्ट आम्ही पूर्वरंगात दृष्टांत म्हणून कितीदा सांगितली असेल. त्या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी साखर वाटली गेली. जणू आमच्याच कुळास सनद मिळाली!

दांडी तुणाच्या लाकडाची. भोपळा पंढरपूर-मंगळवेढे भागातला. तो तेथे वाद्यांसाठी मुद्दाम पिकवितात, पाण्यावर नीट जोपासतात आणि वाळवून टणक करतात. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकविला, तो योग्य जागी आला, की तार गुंजू लागते. हीच जवारी. शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या पदरी. नादब्रह्माचे विवेचन त्या ग्रंथात आम्ही तरुणपणी घोकून घोकून वाचले. परंतु नाद म्हणजे काय, ते आम्हांस प्रथम कळले ते अण्णांनी तो धागा केसभर सरकविला त्या क्षणी.

आता एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती आम्ही आजवर कोणत्याही कीर्तनात सांगितलेली नाही.

१९७६ साली आम्ही सोळा वर्षांचे होतो. जवळच्या एका गावी सप्ताहात कीर्तनाची संधी आली आणि आम्ही अण्णांजवळ तंबोरा मागितला. त्यांनी दिला. कीर्तन यथास्थित झाले, नारळ-उपरणे मिळाले, आणि त्या तोऱ्यातच घरी येऊन आम्ही तंबोरा ओसरीच्या भिंतीस उभा टेकवून आत जेवावयास गेलो. तो घसरला. भोपळ्यास वीतभर तडा गेला. आम्ही काय केले? गवसणी घातली, तंबोरा खुंटीवर टांगला आणि गप्प राहिलो. चार दिवसांनी एकादशीस अण्णांनी तो उतरविला. तडा दृष्टीस पडण्यापूर्वीच, पहिली तार छेडताच, त्यांच्या कानांस तो कळला. त्यांनी एकच शब्द विचारला, “कधी?” आम्ही म्हणालो, “चार दिवस झाले.” त्यावर ते म्हणाले, “भोपळा सांधता येईल. या चार दिवसांचे काय करू?”

पुढे ते मिरजेस जाऊन तडा सांधून आले. त्यानंतर ते पंधरा वर्षे हयात होते. तेवढ्या काळात तंबोरा आमच्या हाती पुन्हा आला नाही. वर्षानुवर्षे आम्ही मनात धरून बसलो होतो, की अण्णांनी आम्हांस क्षमा केली नाही. साठी उलटल्यावर ध्यानात आले, की त्यांनी कधी नकार दिलाच नव्हता. आम्हीच पुन्हा मागितला नव्हता. १९९१ साली ते गेल्यावर तंबोरा आमचा झाला, तो वारसाने. त्यांच्या हातून पुन्हा मागून घेण्याचे भाग्य आमच्या कपाळी नव्हते.

असो. गेल्या आषाढात नात म्हणाली, “आबा, दत्तजयंतीच्या आधी माझे पहिले कीर्तन आहे. मला खरा तंबोरा द्या ना.” ‘खरा’ म्हणण्याचे कारण, सध्या तिचा रियाज भ्रमणध्वनीतील तंबोऱ्यावर चालतो. आम्ही त्या यंत्रास नावे ठेवीत नाही. बाहेरगावी जाताना आमच्याही पिशवीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. तो बेसूर होत नाही आणि भिंतीवरून घसरला तरी कोणाचे काळीज फाटत नाही. परंतु ज्यास तार लावावी लागत नाही, त्याच्यापाशी बसून कान तयार होण्यास फार वेळ लागतो, असे आमचे मत आहे.

मागणी ऐकताच आमच्यातील शास्त्री जागा झाला. (भित्र्या माणसास शास्त्राचा मोठा आधार असतो.) याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचे प्रकरण आहे. त्यात ‘याचित’ म्हणून एक प्रकार येतो. आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ दिला आहे, की विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेली वस्त्रे, अलंकार इत्यादी. उत्सवासाठी मागून नेलेली वस्तू! नऊशे वर्षांपूर्वीचे ते वाक्य जणू आमच्या ओसरीसाठीच लिहिले होते. नियम असा, की राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे वस्तू गेली, तर नेणाऱ्यावर भरपाई येत नाही. पण मालकाने मागूनही दिली नाही आणि मग नष्ट झाली, तर मूल्य द्यावे लागते आणि वर तेवढाच दंड. नातीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आबा, तार तुटली तर ते दैव का?” आम्ही म्हटले, “तार तुटली तर दैव. भिंतीला टेकवून ठेवलास तर दैव नव्हे.” हे बोलताना आमचा स्वर किंचित चढला असावा, कारण आतून सौ. बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

गंमत अशी, की ज्या स्मृतीत हा ठेवीचा कायदा आहे, तीच स्मृती पुढे वीणावादनाचे तत्त्व, श्रुती-जाती आणि ताल जाणणाऱ्यास अनायासे मोक्षमार्ग लाभतो, असेही सांगते. हे आमच्या जिभेवर आले नाही. ते सौ.नी आठवून दिले. चाळीस वर्षे कीर्तने ऐकून त्यांचे पाठांतर आमच्याहून चोख झाले आहे.

तरीही खरी अडचण पुढेच होती. आमचा स्वर काळी एक, अण्णांचाही तोच. नातीचा स्वर काळी चार. काळी एकच्या षड्जाचा जो पंचम, तो तिचा षड्ज. तार तीच ठेवून स्वर दीडपट उंच करावयाचा, तर तिच्यावरील ताण सव्वादोनपट होतो. सांधलेल्या भोपळ्याच्या जुन्या तंबोऱ्यावर तो कोण घालील? मिरजेच्या कारागिरास दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले, की बारीक तारा चढवा, वाद्याला धोका नाही, मात्र जवारी नव्याने काढावी लागेल आणि आवाज थोडा पातळ होईल. म्हणजे तंबोरा देणे एवढ्यावर भागणार नव्हते. सुमारे सत्तर वर्षे ज्या स्वरात तो बोलला, जो अण्णांच्या कंठाचा स्वर होता, तो त्यावरून उतरवावा लागणार होता. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. उत्तररात्री उठून आम्ही तंबोरा घेतला आणि काळी एकमध्ये घटकाभर छेडीत बसलो.

सकाळी आम्ही दासोपंतांच्या देवघराकडे गेलो. आपल्या गावी दासोपंतांची पासोडी आहे, हे वाचक जाणतातच. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्या सत्पुरुषाने पंचीकरण लिहिले, आणि त्यांच्या वंशजांनी चारशे वर्षे ते प्राणापलीकडे जपले. तेथे उभे असताना मनात आले, की पासोडीला जितका हात कमी लागेल तितके तिचे आयुष्य वाढते. तंबोऱ्याचे उलटे आहे. खुंटीवरचा तंबोरा वर्षभर कोणी घेतला नाही, तर खुंट्या अडकतात, भोपळ्यात कीड शिरते, तारांवर गंज चढतो. आम्ही त्यास पासोडीप्रमाणे जपू पाहत होतो, आणि आमची स्वतःची कीर्तनेही आता वर्षातून चार-सहाच होतात.

परत येऊन आम्ही स्वहस्ते जुन्या तारा उतरविल्या. त्या एका कागदात गुंडाळून अण्णांच्या पोथ्यांच्या पेटीत ठेवल्या आहेत.

श्रावणात जावई आणि नात तंबोरा न्यावयास आले. गवसणी चढविण्यापूर्वी मुलीने भोपळ्यावरून हात फिरविला आणि तिची बोटे त्या सांध्यावर थांबली. “आबा, हे काय?” क्षणभर वाटले, सांगावे की जुने वाद्य आहे, असायचेच. पण मग सर्व सांगितले. ओसरी, भिंत, एकादशी आणि ते चार दिवस. जावई खाली पाहत होते. मुलगी म्हणाली, “मग तुम्ही पणजोबांकडे परत का नाही मागितला?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. परळीपर्यंत मोटारीत ती मागच्या आसनावर तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसली होती, असे कन्येने मागाहून कळविले.

तिच्या कीर्तनाचे आख्यान दासोपंतांच्या बालपणाचे आहे. वसुलीचा भरणा थकला म्हणून बेदरच्या दरबाराने दिगंबरपंतांच्या कोवळ्या मुलास ओलीस ठेवले, आणि दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने येऊन रक्कम भरून त्यास सोडविले, अशी आख्यायिका आहे. हे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावले असेल. प्रत्येक वेळी रक्कम भरणाऱ्या दत्तप्रभूंवर भर दिला. नातीने मात्र संहिता वाचून दाखविली तेव्हा तिचा अर्धा वेळ त्या मुलावर होता. परक्यांच्या हाती ठेव म्हणून राहिलेल्या मुलास रात्री काय वाटत असेल, हे ती सांगत राहिली. त्यातील दोन संस्कृत रूपे अशुद्ध होती, ती आम्ही सुधारली. बाकीच्यास हात लावला नाही.

कीर्तनाच्या दिवशी मागे बसून तंबोरा छेडण्याचे काम तिने आम्हांसच सांगितले आहे. काळी चारमध्ये.

हा लेख लिहीत असताना, काल सायंकाळी, दूरध्वनी वाजला. नात होती. नमस्कार नाही, खुशाली नाही. “आबा, जोडीची एक तार तुटली. लावताना खुंटी जास्त पिळली गेली.”

आम्ही विचारले, “कधी?”

“आत्ता. अजून घोडीपाशी लोंबते आहे.”

तार चढविणे दूरध्वनीवरून शिकविता येत नाही. तेव्हा उद्या पहाटेच्या एस.टी.ने आम्ही परळीस निघालो आहोत. बारीक तारांचे वेटोळे पिशवीत टाकले आहे, आणि सौ.नी नातीसाठी तिळाचे लाडू बांधून दिले आहेत. वैजनाथाचे दर्शनही घडेल.