नृत्यशिक्षिकेचा दायित्वविमा

ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयाची स्थापना १९१८ साली झाली. अशा संस्थेतील पगारी शिक्षकाच्या हातून कामात हयगय झाली, तर भरपाईस संस्थाही बांधली जाते. लष्कर भागात भाड्याच्या दालनात कथक शिकविणाऱ्या स्वतंत्र शिक्षिकेच्या पाठीशी मात्र कोणी नसते. कथक अनवाणी नाचावयाचे. समजा, फरशीवरील तेल पुसावयाचे राहिले व एका मुलीचा घोटा मोडला. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाई शिक्षिकेच्याच शिरावर येते.

अपघातविमा उतरला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात, पण ते विमेदाराच्या वारसांना. त्या मुलीच्या घोट्याशी त्यांचा संबंध नाही. तेथे दायित्वविमाच हवा. त्यात कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत दुसऱ्याची भरपाई देते, बहुधा वकिलाचा खर्चही. शिक्षिकेचा स्वतःचा पाय मोडला तर मात्र काही नाही!

घटना घडताच कंपनीस कळवावे. परस्पर दोष कबूल करून लेखी दिल्यास अडचण येते. मुलीला दवाखान्यात नेण्यास मात्र कोणतेही विमापत्र आड येत नाही. रंगमंचावर कार्यक्रम करावयाचा असल्यास विमापत्रात शिकवणीबरोबर कार्यक्रमाचाही उल्लेख आहे की नाही, हे आम्ही आधी पाहू.