पेन्सिलीच्या टकटकीवर रंगलेली कसोटी

1938 सालचा ऑगस्ट. सिडनीत थंडी आहे, मध्यरात्र उलटत आली आहे, आणि तरीही घराघरांत दिवे जळतायत. रेडिओभोवती खुर्च्या ओढून माणसं बसली आहेत. समालोचक सांगतोय, गोलंदाज वळला, धावत निघाला, आणि हा चेंडू... ‘टक्’! बॅटवर चेंडू बसल्याचा नेमका तोच आवाज. पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट.

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली ॲशेसची कसोटी चालू आहे. पण चालू आहे कुठे? लंडनच्या ओव्हल मैदानावर, सिडनीपासून जवळजवळ 17,000 किलोमीटरवर. तिथे उन्हाळ्यातली दुपार आहे. ओव्हलवरचा आवाज हवेतून चालत सिडनीला यायचा म्हटलं, तरी त्याला चौदाएक तास लागतील! मग रात्री जागणाऱ्या त्या माणसांनी ऐकलं काय?

त्यांनी ऐकली ती पेन्सिल. सिडनीतल्याच एका स्टुडिओत बसलेल्या समालोचकानं ती टेबलावरच्या लाकडाच्या तुकड्यावर आपटली होती. त्याच्यासमोर मैदान नव्हतं, खेळाडू नव्हते, प्रेक्षकही नव्हते. हातात एक कागद होता. त्या कागदावरून त्यानं अख्खा सामना उभा केला होता, आणि लाखो डोळ्यांची झोप उडवली होती.

हे घडलं कसं, ते एकेक पायरीनं पाहू. प्रत्येक पायरीवर थांबावंसं वाटेल असं काहीतरी आहे.

ऑस्ट्रेलियाची सरकारी नभोवाणी, एबीसी, 1932 साली सुरू झाली. मोठ्या अंतरावरून बोलणं थेट ऐकवणारी लघुलहर तेव्हा होती. पण तिचा भरवसा नव्हता. आवाज मध्येच विरायचा, खरखरीत बुडून जायचा. कित्येक दिवस चालणाऱ्या सामन्यासाठी तिच्यावर विसंबून कसं चालेल? तार मात्र भरवशाची होती. म्हणून 1934 च्या आणि मग 1938 च्या इंग्लंड दौऱ्यात एबीसीनं ठरवलं, आवाज आणता येत नाही ना, मग शब्द आणू आणि आवाज इथेच करू.

इंग्लंडमधल्या मैदानावर एबीसीचा माणूस बसायचा. प्रत्येक षटक संपलं की तो त्याची तार धाडायचा. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे एका चेंडूच्या वाट्याला मोजकेच सांकेतिक शब्द यायचे. चेंडूचा टप्पा कसा होता, फटका कुठल्या बाजूला गेला, कोणी अडवला, धावा किती. काही मिनिटांत तार सिडनीत. तिथे जाणकार मंडळी ती उलगडून लिहायची आणि कागद समालोचकापुढे सरकवायची. कोकमाचं घट्ट आगळ बाटलीतून वाटीभर यावं आणि पाणी, साखर, जिरं घालून घरच्या सगळ्यांना पुरेल इतकं सरबत व्हावं, तसं ते होतं. तारेतल्या तेवढ्याशा शब्दांचं षटकभर समालोचन व्हायचं.

पाणी घालणारी माणसंही ऐऱ्यागैऱ्यांपैकी नव्हती. माँटी नोबल आणि व्हिक रिचर्डसन, दोघंही ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार. (हा रिचर्डसन म्हणजे पुढच्या काळातल्या इयन, ग्रेग आणि ट्रेव्हर चॅपेल या तिघा भावांचा आजोबा.) त्यांच्या सोबतीला तिशीच्या आतला ॲलन मॅकगिल्व्हरे. ‘कव्हर’ एवढा एक शब्द कागदावर दिसला की फलंदाजाचा पाय कुठे पडला असेल, बॅट कशी आली असेल, हे त्यांना दिसायचंच, कारण ती हालचाल त्यांच्या अंगात मुरलेली होती. शेजारी एक जण ग्रामोफोनच्या तबकड्या घेऊन बसलेला. चौकाराला कडकडाट, नुसत्या चांगल्या फटक्याला बेताच्या टाळ्या, बळी गेला की गलका. हात जरा चुकला तर साध्या एका धावेवर स्टेडियम दणाणून जायचं!

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती वेगळीच गोष्ट. कागद समालोचकाच्या हातात यायचा तो पुऱ्या षटकाचा. म्हणजे पहिल्या चेंडूचं वर्णन करताना त्याला पाचव्या चेंडूवर त्रिफळा उडणार हे ठाऊक असायचं. तरी त्यानं पहिले चार चेंडू असे सांगायचे की ऐकणाऱ्याला सुगावा लागू नये, आणि पाचव्याला स्वतःच दचकायचं. भविष्य ठाऊक असताना अजाण राहायची ही कसरत रात्रीमागून रात्री, पहाटे साडेतीनला खेळ संपेपर्यंत. आणि तार यायला उशीर झाला तर? हवेत शांतता पडून चालणार नाही. मग मैदानात नसलेला विलंब स्टुडिओत घडवायचा. फलंदाज पॅड नीट करतोय, कर्णधार क्षेत्ररचना बदलतोय, वगैरे. पुढचा कागद येईपर्यंत.

ऐकणाऱ्यांना ही फसवणूक वाटत नव्हती का? एबीसीनं हे काही दडवून ठेवलेलं नव्हतं. स्टुडिओ, तारा, तबकड्या, सगळं लोकांना माहीत होतं. तरी ते जागत होते, कारण धावा खऱ्या होत्या. फटका कुठे गेला तेही खरं होतं. टक् हा आवाज तेवढा सिडनीचा. आणि तो ऐकल्यावर छातीत जे धस्स व्हायचं, त्यात खोटं काय होतं?

आता त्या तारेकडे वळू, कारण तिच्याविना यातलं काहीच शक्य नव्हतं. 1872 च्या आधी इंग्लंडची बातमी ऑस्ट्रेलियाला जहाजानं यायची आणि तिला कित्येक आठवडे लागायचे. त्या वर्षी चार्ल्स टॉड या माणसाच्या देखरेखीखाली ॲडलेडपासून डार्विनपर्यंत, वाळवंट चिरत, सुमारे 3,000 किलोमीटर लांबीची तार पुरी झाली. उत्तरेकडे वाळवीनं लाकडी खांब खाल्ले, म्हणून लोखंडी खांब रोवावे लागले. डार्विनला समुद्राखालून जावाहून आलेली तार भेटली. आणि तिथून लंडनपर्यंतचा मुख्य मार्ग कोणता? सिंगापूर, मद्रास आणि आपली मुंबई! 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजानं मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार अंथरली होती. मुंबईकरांनी कसोटी सामना पाहिला तो 1933 साली, जिमखान्याच्या मैदानावर. पण त्याच्या किती तरी आधीपासून लंडन आणि मेलबर्नमधला निरोपांचा ओघ मुंबईतल्या तारेवरून कडकट्ट करत वाहत होता.

समुद्राखालची ती तार म्हणजे तांब्याच्या वाहकाभोवती गटापर्चाचं वेष्टण. गटापर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक. खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. हजारो किलोमीटर गेल्यावर विजेचा संकेत इतका मंद होतो की साधं यंत्र तो पकडू शकत नाही. विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञानं त्यासाठी रेशमाच्या धाग्याला इवलासा आरसा टांगला. संकेत आला की आरसा किंचित हले आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावी-उजवीकडे सरके. पुढे त्याच टॉमसननं कागदावर शाईची नागमोडी रेघ उठवणारं यंत्रही केलं. याच तारांच्या काळात, 1882 च्या ऑगस्टमध्ये, ओव्हलवर ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला अवघ्या 7 धावांनी हरवलं, स्पॉफर्थनं सामन्यात 14 बळी घेतले आणि लंडनच्या एका वृत्तपत्रानं इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापली. ॲशेसची गोष्ट तिथून सुरू झाली.

पण तार काय नेते आणि काय मागे ठेवते, हेही दिसून आलं. 1933 च्या जानेवारीत ॲडलेडच्या कसोटीत इंग्लंडच्या लारवूडचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या वुडफुलच्या छातीवर आदळला, दोन दिवसांनी त्याच्याच संघातल्या ओल्डफिल्डच्या कवटीला लागला. मैदानावरच्या हजारोंनी ते पाहिलं आणि ते खवळले. लंडनच्या वाचकापुढे मात्र तारेनं आलेले मोजके शब्द होते. चित्रफिती जहाजानं यायच्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळानं 18 जानेवारीला निषेधाची तार केली, तिच्यात इंग्लंडच्या गोलंदाजीला खेळाडूवृत्तीला न शोभणारी म्हटलं, आणि इंग्लंड चवताळून उठलं. माझ्या मते ‘बॉडीलाइन’चं, म्हणजे अंगावर रोखलेल्या या गोलंदाजीचं, भांडण एवढं विकोपाला गेलं यात त्या मोजक्या शब्दांचाही वाटा होता. धावफलक तारेतून सहज जातो. छातीवर बसलेल्या चेंडूचा आवाज ती कुठून नेणार?

म्हणूनच 1938 ची पेन्सिल मला इतकी मोलाची वाटते. त्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडचा लेन हटन शनिवारी खेळायला उतरला, सोमवारभर खेळला आणि मंगळवारी बाद झाला. 364 धावा, 13 तास 17 मिनिटं, 847 चेंडू. 35 चौकार आणि 143 एकेरी धावा. इंग्लंडचा डाव 335 षटकं आणि वर 2 चेंडू चालला, 7 बाद 903. एवढी षटकं शब्द होऊन जगाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली आणि सिडनीत पुन्हा षटकं झाली! ऐकणारे ऑस्ट्रेलियाचे होते; मोडत होता तो त्यांच्याच ब्रॅडमनचा 334 धावांचा ॲशेसमधला विक्रम, आणि तो मोडताच ब्रॅडमननं पुढे होऊन हटनशी हात मिळवला. नंतर गोलंदाजी करताना ब्रॅडमनचा घोटा मोडला. सामना ऑस्ट्रेलिया एक डाव आणि 579 धावांनी हरली.

दहा वर्षांनी, 1948 साली, एबीसीनं मॅकगिल्व्हरेला खरोखर इंग्लंडला पाठवलं. ज्या मैदानांचं वर्णन त्यानं सिडनीत कागदावरून केलं होतं तिथे तो आता माइक घेऊन बसला, लघुलहर एव्हाना भरवशाची झाली होती. पुढचा चेंडू कसा पडणार हे त्याला आता ऐकणाऱ्यांइतकंच ठाऊक नव्हतं. समालोचन तो त्यानंतरही करत राहिला, 1985 पर्यंत.