मानवतावाद्याने युद्धाविषयी बोलावे काय?

१९४० सालच्या ऑक्टोबर महिन्यात विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मानवेंद्रनाथ रॉय यांनी जो रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला, त्याचे मुख्य प्रतिपादन असे होते की, ज्या युद्धाला साहाय्य देण्यास काँग्रेस नकार देत आहे त्याच युद्धात दोस्त राष्ट्रांचा विजय व्हावा यासाठी झटणे हे स्वातंत्र्येच्छू हिंदी माणसाचे कर्तव्य होय. दोघांनीही तुरुंगवास भोगलेला होता, आणि मनुष्यमात्राचे कल्याण हेच दोघांचेही साध्य होते. तरी एकाने युद्धाला नकार दिला आणि दुसऱ्याने होकार. विनोबांच्या नकारामागे ईश्वरनिष्ठा आणि अहिंसेचे व्रत उभे होते. रॉय यांना असल्या कोणत्याही व्रताचे पाठबळ नव्हते. जे ठरवायचे ते बुद्धीने, पुराव्याने आणि स्वतःच्या जोखमीवर ठरवायचे होते. ईश्वर, धर्मग्रंथ आणि परलोक यांचे प्रामाण्य ज्याने नाकारले आहे त्याने युद्ध आणि राजकारण यांविषयी भूमिका घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न रॉय यांच्या त्या निर्णयाइतका ठसठशीतपणे क्वचितच उभा राहिला असेल.

इहवादी मानवतावादाचे स्वरूप थोडक्यात सांगायचे तर, नीतीचा उगम माणसाच्या विवेकात आणि परस्परांच्या सुखदुःखाच्या अनुभवात आहे, माणसाचे प्रश्न याच जगात उद्भवतात आणि याच जगात सुटले तर सुटतात, आणि कोणतेही मत, मग ते कितीही प्राचीन असो वा कितीही बहुमताचे असो, चिकित्सेपासून मुक्त नाही, एवढी त्याची सनद आहे. मानवतावाद्यांत ना कोणी जगद्गुरू आहे, ना पोप, ना फतवा काढणारा मुफ्ती. म्हणूनच अडचण उत्पन्न होते. एक वर्ग म्हणतो की, संस्थेत सर्व पक्षांची माणसे असतात, तेव्हा राजकारणाचा विषय निघताच ती फुटेल आणि धर्मचिकित्सेचे मूळ कार्य बाजूला पडेल. दुसरा वर्ग विचारतो की, मनुष्यप्राणाची एवढी हानी दुसऱ्या कशानेही होत नसताना युद्धाविषयी जो मौन धरतो, त्याने स्वतःला मानवतावादी म्हणवून घेण्यात अर्थ तो कोणता? दोन्ही आक्षेप खरे आहेत, म्हणून दोहोंची निरनिराळी तपासणी केली पाहिजे.

रॉय यांचा युक्तिवाद प्रथम पाहावा. सहा वर्षांची शिक्षा भोगून नोव्हेंबर १९३६ मध्ये ते सुटले, पुढच्याच महिन्यात खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला उपस्थित राहिले, आणि काही वर्षे काँग्रेसमध्येच राहून काम करीत राहिले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळल्यावर मात्र त्यांचे मत पक्के झाले की, फॅसिझम विजयी झाला तर स्वातंत्र्य ही कल्पनाच जगातून हद्दपार होईल, हिंदुस्थानचे स्वातंत्र्य तर दूरच. उलट दोस्त राष्ट्रे जिंकली तर त्या विजयाच्या श्रमानेच ब्रिटिश साम्राज्य इतके खिळखिळे होईल की त्याला येथे टिकता येणार नाही. हा तर्क त्या काळी देशद्रोहासारखा वाटला. पुढे १९४७ मध्ये इंग्रज गेले, त्याच्या कारणमीमांसेत युद्धाने आलेल्या आर्थिक व लष्करी दुर्बलतेला कोणताही इतिहासकार वगळत नाही. त्या मर्यादेत रॉय यांचा अंदाज फसला असे म्हणता येणार नाही.

परंतु भूमिका बरोबर असणे ही एक गोष्ट आणि ती ज्या मार्गाने अमलात आणली जाते तो मार्ग निर्दोष असणे ही दुसरी. रॉय यांच्या अनुयायांनी चालवलेल्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या मजूर संघटनेला युद्धप्रचाराच्या कार्यासाठी सरकारी खजिन्यातून दरमहा १३,००० रुपये मिळत असत. ही रक्कम संघटनेच्या कामासाठी होती हे मान्य करूनही, ज्याच्या युक्तिवादाची सारी भिस्त त्याच्या निःस्पृहतेवर आहे त्याने हुकुमतीकडून तनखा घेताच त्या युक्तिवादाकडे कोणी युक्तिवाद म्हणून पाहत नाही, हे नाकारता येत नाही. १९४६ च्या निवडणुकांत पक्षाचा धुव्वा उडाला. त्याच वर्षी देहरादूनच्या अभ्यासशिबिरात सुरू झालेल्या चिंतनातून २२ सूत्रे निर्माण झाली, ती डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात संमत झाली, आणि दोन वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, कलकत्त्यास पक्षच विसर्जित करण्यात आला. सत्ता मिळवण्यासाठी जन्मलेली संघटना आपल्या सभासदांचा विवेक हळूहळू स्वतःकडे गहाण ठेवून घेते, आणि मग ती सत्तेत असो वा नसो, माणसे स्वतंत्रपणे विचार करण्याचे सोडून देतात, हा रॉय यांचा निष्कर्ष होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेत वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्यासारखे मराठी विचारवंत या चळवळीत होते. त्यांनी पक्ष सोडला, राजकारणाची चिंता सोडली नाही. आणि या फरकातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी बर्ट्रंड रसेल यांच्याकडे वळावे लागते. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे १९१६ मध्ये त्यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील अध्यापकपद गमवावे लागले आणि १९१८ मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात जावे लागले. १९३६ मध्येही ते युद्धविरोधीच होते. परंतु हिटलरचे आक्रमण प्रत्यक्ष पाहिल्यावर नाझी सत्तेचा पराभव झालाच पाहिजे या मतावर ते आले. पुढे अणुबाँब जन्मास आल्यानंतर, ९ जुलै १९५५ रोजी, आइन्स्टाइन यांच्यासह ११ विद्वानांच्या सह्यांचे आवाहन लंडनमध्ये त्यांनीच जाहीर केले, आणि १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी पुन्हा एकदा ब्रिक्स्टनची वाट धरली. एकाच माणसाने एका युद्धाला विरोध केला, दुसऱ्याला संमती दिली आणि तिसरे होऊच नये म्हणून तुरुंगवास पत्करला, यात विरोधकांना चंचलता दिसली. वस्तुतः मूल्य एकच होते, परिस्थिती निराळी होती, आणि परिस्थिती निराळी असताना निष्कर्ष तोच ठेवणे हे निष्ठेपेक्षा आळसाचे लक्षण ठरले असते.

या उदाहरणावरून एक भेद स्पष्ट होतो. युद्धाविषयीच्या प्रत्येक निर्णयात दोन घटक असतात. एक घटक मूल्याचा: निरपराधांची हत्या होऊ नये, बंदिवानाचा छळ होऊ नये, राज्यकर्त्यांनी प्रजेपासून सत्य लपवू नये. दुसरा घटक अंदाजाचा: हे युद्ध केले तर किती माणसे मरतील, न केले तर किती, जुलमी राजवट गेल्यावर तिच्या जागी काय येईल, शत्रूचा हेतू खरोखर काय आहे. पहिल्या घटकाविषयी मानवतावादाजवळ स्पष्ट उत्तर आहे. दुसऱ्याविषयी मात्र तो केवळ चिकित्सेची पद्धत देतो, आणि त्याच पद्धतीने चालणारी दोन प्रामाणिक माणसे परस्परविरुद्ध टोकांना पोहोचू शकतात. २००३ च्या इराक युद्धाच्या वेळी नेमके हेच घडले. ‘फ्री इन्क्वायरी’ हे अमेरिकेतील इहवादी मानवतावाद्यांचे प्रमुख नियतकालिक; त्याचे संस्थापक पॉल कर्ट्झ यांनी त्या युद्धाला विरोध केला, तर त्याच नियतकालिकात स्तंभलेखन करणारे क्रिस्टोफर हिचन्स यांनी सद्दाम हुसेनची राजवट उलथण्यासाठी युद्धाचे समर्थन केले. दोघेही निरीश्वरवादी, दोघेही धर्मसत्तेचे कठोर टीकाकार. त्या युद्धाच्या परिणामांनी हिचन्स यांच्या आशेला दुजोरा दिला नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण ते मत परिणाम पाहून बनले आहे, ईश्वराच्या अभावातून निघालेले नाही.

तेव्हा व्यक्ती आणि संस्था यांच्यासाठी निरनिराळा नियम असावा, असे वाटते. व्यक्तीने बोललेच पाहिजे. आणि ते आपल्या नावाने, आपली कारणे मांडून, कोणता पुरावा पुढे आला असता आपण मत बदलू हेही सांगून. संस्थेने मात्र तेथेच ठराव करावा, जेथे निष्कर्ष मूल्यांतूनच अपरिहार्यपणे निघतो. जेथे तो अंदाजावर अवलंबून आहे तेथे दोन्ही बाजूंना व्यासपीठ द्यावे आणि शिक्कामोर्तब करण्याचा मोह आवरावा. या नियमाचा भंग झाला म्हणजे काय होते, याचा दाखला मानवतावाद्यांच्या स्वतःच्याच दफ्तरात आहे. १९३३ सालच्या अमेरिकन मानवतावादी जाहीरनाम्यातील १५ कलमांपैकी चौदाव्या कलमात, नफ्यावर आधारलेली अर्थव्यवस्था अपुरी ठरली असून सामाजिक मालकीची सहकारी अर्थव्यवस्था यावयास हवी, असे घोषित केले होते. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत ते कोणासही साहजिक वाटले असेल. पण १९७३ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने कोणत्याही एका अर्थव्यवस्थेला बांधून घेण्याचे टाळले. धर्मग्रंथांच्या अपरिवर्तनीयतेवर टीका करणाऱ्यांनी आपल्या काळातील राजकीय अंदाज श्रद्धासूत्रांत गोवावेत, यात जी विसंगती होती ती ४० वर्षांनी दूर झाली.

हा नियम म्हणजे भित्रेपणाचे समर्थन नव्हे, हे तारकुंडे यांच्या चरित्रावरून दिसते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद १९६९ मध्ये सोडल्यानंतर त्यांनी १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासह लोकशाहीवादी नागरिकांची संघटना उभी केली, आणि आणीबाणीत, १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी लोकसंघटनेची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे हेबियस कॉर्पसचा दावा चालला, तेव्हा स्थानबद्धांच्या बाजूने ते उभे राहिले. न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारचा पक्ष उचलून धरला. खटल्याविना कोंडलेल्या माणसाला दाद मागण्याचा हक्क असावा, हे सांगण्यासाठी कोणत्याही भाकिताची गरज नव्हती. आणि १९७७ मध्ये सत्तांतर होऊन स्नेहीजन केंद्रात अधिकारारूढ झाले, तरी आंध्र प्रदेशात चकमकी म्हणून नोंदल्या गेलेल्या मृत्यूंची चौकशी तारकुंडे समितीने केलीच. सत्तेवर कोण आहे यावरून ज्याचा प्रश्न बदलत नाही, त्याच्या राजकीय हस्तक्षेपाला पक्षपात म्हणता येत नाही.

१९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हीच वाट निराळ्या क्षेत्रात चोखाळली. समितीने कोणत्याही पक्षाचे जू मानेवर घेतले नाही. पण जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सरकारदरबारी अर्ज, मोर्चे, परिषदा यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. राजकारणापासून दूर राहिल्याने सुरक्षितता लाभते, हा समज यानंतर तरी कोणी बाळगू नये. विवेकाचे कार्य स्वभावतःच सत्तेच्या हितसंबंधांना स्पर्श करते.

म्हणून पुढच्या वेळी रणदुंदुभी वाजू लागतील तेव्हा मानवतावादी मंडळाने युद्ध न्याय्य की अन्याय्य याचा ठराव मतांनी संमत करण्याची घाई करू नये. त्याने सरकारकडे पुरावा मागावा, दोन्ही बाजूंच्या मृतांची मोजणी व्हावी असा आग्रह धरावा, युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयी जाब विचारावा, आणि युद्धाला विरोध करणाऱ्याला तुरुंगात टाकले जात असेल तर, स्वतःचे बहुसंख्य सभासद युद्धाच्या बाजूचे असले तरीही, त्याच्या सुटकेची मागणी करावी. एवढे करणारी संस्था दोन्ही पक्षांना अप्रिय होईल. मानवतावाद्याने मिळवावी अशी राजकीय प्रतिष्ठा तीच होय.