सावली मोजा, खेळ थांबवू नका : ऊन न सोसणाऱ्या मुलांसाठी मैदानाची तयारी



खेळाचा तास लागला की सगळी पोरं मैदानाकडे धाव घेतात. पण एखादं मूल वर्गाच्या दारातच उभं राहतं, कारण त्याला ऊन सोसत नाही. अशा वेळी आपण काय करतो? "तू आतच बस हं बाळा, चित्र काढ," असं म्हणतो. आपल्याला वाटतं आपण काळजी घेतली.

मीही असंच करत होते. माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. केस पांढरट सोनेरी, भुवया आणि पापण्याही पांढऱ्या, उजेडात आली की डोळे बारीक करायची. तिला जन्मापासून रंगहीनता, म्हणजे अल्बिनिझम. पहिलं सत्र ती खेळाच्या तासाला आतच बसली. मग २६ जानेवारीच्या कवायतीचा सराव सुरू झाला. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, ऊन कोवळं आहे, घेऊ या तिलाही. साडेअकरा ते साडेबारा सराव झाला. शाळा सुटेपर्यंत काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही म्हणून घरी गेले, तर मान आणि कान लालबुंद, गालावर बारीक फोड. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, काल घरी येऊन सगळ्यांना कवायत करून दाखवत होती. पहिल्यांदाच."

त्या एका वाक्यात माझ्या दोन्ही चुका आल्या. आधी तिला खेळाबाहेर ठेवलं आणि मग काहीही तयारी न करता उन्हात उभं केलं. या दोन चुकांच्या मधला रस्ता कोणता, तेच आज पाहू या.

ऊन सोसत नाही म्हणजे नेमकं काय?

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. मुलांना सांगताना मी म्हणते, "प्रत्येकाच्या कातडीत एक छत्री असते. कुणाची मोठी, कुणाची लहान." सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं ही छत्री अडवते. रंगहीनता असलेल्या मुलांत मेलॅनिन फार कमी तयार होतं किंवा अजिबात होत नाही. डोळ्यांची वाढ नीट व्हायलाही मेलॅनिन लागतं, म्हणून या मुलांना कमी दिसतं, उजेडाचा त्रास होतो आणि बऱ्याच जणांची बुबुळं सतत हलत राहतात. चष्म्याने मदत होते, पण नजर पूर्ण सुधारत नाही.

ही स्थिती आनुवंशिक आहे. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघांकडून तसं जनुक आलं तरच ती दिसते, त्यामुळे आईवडील स्वतः सावळे असू शकतात. ती संसर्गजन्य नाही आणि तिचा बुद्धीशी काहीही संबंध नाही. ग्रहणाचा, शापाचा तर नाहीच नाही.

ऊन न सोसण्याची कारणं इतरही आहेत. कोड असलेल्या मुलाच्या पांढऱ्या डागांवरची त्वचा लवकर भाजते. ल्युपससारख्या आजारात उन्हाने त्रास वाढतो. काही औषधं चालू असताना त्वचा उन्हाला नाजूक होते. काही फार दुर्मीळ आजारांत तर थोडासा सूर्यप्रकाशही चालत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना विचारा, "डॉक्टरांनी उन्हाबद्दल काय सांगितलंय?" डॉक्टरांचा सल्ला आधी, आपले उपाय नंतर.

थंडीतल्या उन्हाने कसं भाजलं?

उष्णता आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गार वारं सुटलं की ऊन 'लागत' नाही, पण किरणं येतच असतात. पातळ ढगांतूनही ती येतात. शिवाय त्वचा लगेच लाल होत नाही, काही तासांनी होते. म्हणजे लाली दिसली की मग सावलीत नेऊ, असं म्हणून चालत नाही. तोवर उशीर झालेला असतो.

मग मैदानावर उभं राहून ओळखायचं कसं? त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन आपल्या पायाशीच असतं : सावली.

एक मीटरची काठी

नियम सोपा आहे. सावली उंचीपेक्षा आखूड, तर ऊन जोरात. सावली उंचीएवढी असते तेव्हा सूर्य ४५ अंशांवर असतो. त्याहून वर गेला की किरणं हवेच्या कमी थरातून येतात आणि जास्त प्रखर असतात.

मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा. दर अर्ध्या तासाने दोन मुलांनी जाऊन सावली मोजायची आणि तक्त्यात लिहायची. सावली एक मीटरपेक्षा लांब असेल तर हिरवा ठिपका, आखूड असेल तर लाल. मोजमाप, वेळ, परिसर अभ्यास सगळं एकाच उपक्रमात होतं.

पुण्याच्या आसपास मे महिन्यात साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी पावणेचार लाल ठिपके येतील. डिसेंबरात ते जेमतेम साडेअकरा ते दीडपर्यंत असतील. २० जानेवारीच्या सुमारास सव्वाअकरा ते सव्वादोन. म्हणजे आमच्या कवायतीचा सराव बरोब्बर लाल वेळेतच होता! मुलांना आणखी एक गंमत कळेल. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, पुण्यात ती साडेबाराच्या पुढेमागे पडते. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सावली लांब आहे म्हणजे धोका शून्य झाला असं नाही, टोपी-मलम तेव्हाही हवंच. आणि ढगाळ दिवशी सावली दिसत नसेल तर आधीचा तक्ता पाहून वेळ ठरवा.

वेळापत्रकात काय बदलता येईल?

- परिपाठ उन्हाच्या पटांगणात होत असेल तर व्हरांड्यात घ्या. निदान शाळेच्या इमारतीची सावली जिकडे पडते तिकडे सगळाच वर्ग उभा करा. एकट्या मुलाला बाजूला काढू नका.
- खेळाचा तास शेवटच्या तासिकेला घ्या. सकाळच्या शाळेत तो पहिल्या तासिकेला ठेवा.
- मोठ्या सुट्टीत हात धुवायची, पोषण आहाराची रांग कुठे लागते ते पाहा. रोजची दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात.
- सावली दाट हवी. वड, चिंच, आंबा चांगले. विरळ पानांतून ऊन झिरपतं. उघड्या आकाशाकडून आणि पांढऱ्या भिंतीवरून, वाळूवरूनही किरणं येतात, म्हणून सावलीतही टोपी काढायची नाही.

कपडे, टोपी, मलम

पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, सैल शिवलेला सदरा हवा. गडद रंग पातळ पांढऱ्या कापडापेक्षा जास्त किरणं अडवतो, आणि पांढरं सुती कापड ओलं झालं की त्याचं संरक्षण आणखी कमी होतं. गणवेश अर्ध्या बाह्यांचा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून सवलत घ्या. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहते, म्हणून चारही बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी हवी. नसेल तर टोपीखाली मोठा रुमाल मानेवर सोडा.

उन्हापासून वाचवणारं मलम एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि दोन्ही प्रकारची अतिनील किरणं अडवणारं असावं. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. घाम आला, तोंड धुतलं तर लगेच. कान, मानेची मागची बाजू आणि पायाची वरची बाजू हमखास विसरली जाते. मलम महाग पडतं, म्हणून आधी सावली, मग कपडे आणि उरलेल्या उघड्या भागाला मलम, असा क्रम ठेवा.

गॉगल डॉक्टरांना विचारूनच घ्या. तो 'यूव्ही ४००' असावा. नुसती काळी काच उपयोगाची नाही.

खेळ कोणते?

झाडाखाली लंगडी, लगोरी, विषामृत, फुगडी, टिपऱ्या सगळं जमतं. आमच्या वर्गाने एक खेळ स्वतःच बनवला. झाडाची सावली म्हणजे घर. जो उन्हात पाऊल टाकेल तो बाद! ती मुलगी या खेळात सगळ्यांत तरबेज, कारण सावलीची कड कुठे आहे हे तिला सवयीने सर्वांत आधी कळायचं.

नजर कमी असल्याने चेंडू मोठा आणि भडक रंगाचा घ्या. तो कुरकुर वाजणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आवाजावरून कळतो. उजळ जमिनीवर फक्कीची रेघ नीट दिसत नाही, तिथे गडद रंगाची जाड दोरी टाका. आणि कृपा करून तिला 'गुण लिहायला' बसवू नका. तो खेळ नव्हे.

त्रास झालाच तर

लगेच आत न्या, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, पाणी पाजा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. फोड आले, ताप, उलटी किंवा डोळे दुखू लागले तर पालकांना कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

हक्काची गोष्ट

हे सगळं आपण उपकार म्हणून करत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अल्पदृष्टी आहे. त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ आणि मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. नजर कमी असेल तर पालकांना प्रमाणपत्राबद्दल माहिती द्या, विशेष शिक्षकांशी गाठ घालून द्या.

१३ जून हा आंतरराष्ट्रीय रंगहीनता जागरूकता दिन असतो. त्याच सुमारास आपल्या बऱ्याच शाळा उघडतात. पहिल्या आठवड्यात वर्गाला कातडीतल्या छत्रीची गोष्ट सांगा. 'इंग्रज', 'म्हातारी' अशी चिडवानावं रुजायच्या आत सांगितलेलं बरं.

पुढच्या वर्षी २६ जानेवारीचा सराव आम्ही सकाळी साडेनऊला घेतला, काठीची सावली मोजून. ती पहिल्या रांगेत होती. मोठी टोपी, पूर्ण बाह्या. तिची टोपी पाहून आणखी चार जणी टोप्या घालून आल्या.

तुमच्याही मैदानात उद्या एक काठी रोवून पाहा.