सोळा बोरची बंदूक

चारचौघांसारखे असणे काही माणसांना मानवत नाही. बंदुकींतही अशी एक जात आहे. तिचे नाव सोळा बोर!

मी मराठीचा प्राध्यापक. बारूद काय ती पोवाड्यात भेटलेली. परंतु कोकणातले आमचे मामा निवर्तले. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्यांची जर्मन दुनळी जमा झाली, आणि मामेभावापुढे पेच पडला. पिकांच्या राखणीसाठी वारसाहक्काने तीच मागावी, की सरळ बारा बोरची घ्यावी?

वाचकहो, हा 'बोर' आहे मोठा मौजेचा. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडाव्या. त्यांतली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. सोळा पाडल्या तर सोळा बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी लहान! बाराची .७२९ इंच, सोळाची .६६२.

जुन्या इंग्रज कारागिरांचा एक ठोकताळा होता : बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. एक औंस छर्ऱ्यांना सहा रत्तलांची बंदूक. सोळा बोरची गोळीही नेमकी एका औंसाची. तेव्हा मामांची ती हलकी, सुबक बंदूक खांद्याला गोड का लागे, हे कळले.

पण बंदूक काडतुसावर जगते. अमेरिकेतल्या स्कीट नेमबाजीत १२, २०, २८ आणि .४१० यांना पान मांडलेले. सोळाला पंगतच नाही. खडकीच्या कारखान्याचे 'शक्तिमान' काडतूस, तेही बारा बोरचे. शिवाय जुन्या युरोपीय सोळा बोरमध्ये काडतुसाचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बसलेले दिसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. मामांच्या बंदुकीवर ६५ चाच शिक्का निघाला.

साठा करावा म्हटले, तर किती काडतुसे घ्यायची ते परवान्यावर लिहिलेले असते. त्यातून कोकणचा पावसाळा! कागदी काडतूस दमटाने फुगते आणि नळीत अडकते. साठा कोरड्या, थंड जागी, कुलपात हवा. आणि दोन बोरांची काडतुसे एका डब्यात कधीच नकोत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकते. नळी रिकामी समजून मागून बाराचे भरून चाप ओढला, तर नळी फुटते.

मामेभाऊ तरी घुटमळत होता. शेवटी मामीच म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाबांची आठवण काय त्या नळीत आहे? घरात पोरंबाळं वावरतात. ज्याचं काडतूस जवळ मिळेल, तीच घे."

बंदूक परवानाधारक विक्रेत्याला दिली आणि बाराची आली. बंदूक घेऊ पाहणाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो : आधी काडतूस शोधा, मग बंदूक.