गारोनकाठचा आरसा
फ्रान्समधल्या बोर्दो शहरात गारोन नदीच्या धक्क्यावर एक कारंजं आहे. त्याला ना पुतळे, ना कठडा, ना हौद. ३,४५० चौरस मीटर ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम २ सेंटिमीटर पाणी, आणि त्यात समोरच्या ‘प्लास द ला बूर्स’ चौकातल्या अठराव्या शतकातल्या इमारती उलट्या दिसतात.

शेजारी एवढी नदी वाहत असताना वेगळं पाणी कशाला? तर भरती-ओहोटी थेट बोर्दोपर्यंत पोचते, गाळ सतत ढवळत राहतो आणि गारोन कायम मातकट असते. जाक गाब्रिएल आणि त्याच्या मुलानं हा चौक मुद्दाम नदीकडे तोंड करून बांधला, तो १७५५ मध्ये पुरा झाला. पण त्याचं रूप नदीनं कधी धड दाखवलंच नाही. पुढे धक्क्यावर गोदामं आली, दर्शनी भिंती काजळीनं काळवंडल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरानं भिंती धुऊन काढल्या, गोदामं हटवली. चौकासमोरून ट्राम नेली, तीही डोक्यावर तारा न ओढता. वीज रुळांमधल्या पट्टीतून मिळते आणि गाडी वर असेल तेवढ्याच भागात प्रवाह असतो. मग २००६ मध्ये मिशेल कोराझू या भूदृश्य रचनाकारानं नदीचं राहून गेलेलं काम या कारंज्याकडे सोपवलं.

यंत्रणा बसवली जाँ-माक्स लोर्का यांनी. जमिनीखालच्या टाकीतून पाणी वर येऊन फरशीवर पसरतं. थर इतका पातळ, की वाऱ्यानं मोठ्या लाटा उठत नाहीत, आणि खालचा ओला दगड काळसर असल्यानं प्रतिबिंब ठसठशीत उमटतं. काही वेळानं पाणी ओसरतं, बारीक छिद्रांतून धुकं उसळतं आणि त्यात मुलं कमरेपर्यंत बुडून जातात. आत जायला कुणालाच मज्जाव नाही, हे मला या कारंज्याचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

याच इमारतींच्या कमानींवर दगडी मुखवटे कोरलेले आहेत आणि त्यांत आफ्रिकी चेहरेही आहेत. बोर्दोची श्रीमंती वाइनची होती, तशीच कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या साखरेची आणि कॉफीचीही होती. या बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी शेकडो सफरी निघाल्या, लाखाहून अधिक माणसं त्यांत नेली गेली. पाण्यातल्या देखण्या प्रतिबिंबात हे मुखवटे ओळखू येत नाहीत. त्यासाठी भिंतीजवळ जाऊन मान वर करावी लागते. बोर्दोला जाणाऱ्यानं ती जरूर करावी.

आणि तिथून धक्क्यानंच आणखी थोडं चालावं. २०१९ मध्ये शहरानं तिथे मोदेस्त तेस्तास हिचा पुतळा उभारला. पूर्व आफ्रिकेतल्या या मुलीला बोर्दोच्या दोघा व्यापारी भावांनी विकत घेतलं आणि आजच्या हैतीत नेलं. पुतळा हैतीच्याच शिल्पकारानं घडवला आहे.