बुडून मरणारा मासा : मरळ

मासा पाण्यात बुडून मरतो, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. जालना जिल्ह्यातल्या दुधना नदीच्या काठावरच्या भोई मंडळींना मात्र त्यात नवल वाटणार नाही. रात्री लावलेल्या जाळ्यात मरळ खोल पाण्यात अडकली आणि तिला वर येता आले नाही, तर सकाळी ती मेलेलीच हाती लागते. जाळ्याने तिला कापलेले नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो.

या मालिकेत गेल्या आठवड्यात कटला आणि रोहू झाले, आता मरळीची पाळी. शास्त्रीय नाव चान्ना स्ट्रायटा. १७९३ मध्ये ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. सापासारख्या चपट्या डोक्यावर ढालीसारखे मोठे खवले, अंग गोल आणि लांबट, पाठ काळपट, तोंडात दातांच्या रांगा. वाढली तर हातभराहूनही लांब होते. बेडूक, किडे, लहान मासे आणि वेळ पडली तर स्वतःच्याच जातीची पिल्लेही ती सोडत नाही.

जालना जिल्ह्यात टिकायचे तर वर येऊन हवा घेण्यासारखे काहीतरी अंगी हवे. दक्षिण सीमेवरची गोदावरी सोडली, तर दुधना, कुंडलिका, गिरजा या नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्याच उरतात. गोदावरीचेही मोकळे वाहणे १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण झाल्यापासून सरले. जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी अशा बंधाऱ्यांत आता ती तुकड्यातुकड्याने साठते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना शहरालाच टँकरची वाट पाहावी लागली. माशांची चौकशी कोण करणार!

एप्रिल-मे महिन्यांत अशा डोहाशी थोडा वेळ बसावे. पाणी कोमट, हिरवट आणि गुडघाभर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि साचलेल्या पाण्यात कुजणारा पाला उरलासुरलाही खाऊन टाकतो. रोहू-कटला पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि एखाद्या सकाळी पांढरी पोटे वर करून तरंगतात. त्याच पाण्यात मध्येच एक काळे थोबाड वर येते, हवेचा घोट घेते, बुडबुडा सोडते आणि खाली जाते. मरळीच्या कल्ल्यांच्या वर दोन पोकळ्या असतात आणि त्यांच्या आतल्या पातळ त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तोंडाने घेतलेल्या हवेतला प्राणवायू तिथेच रक्तात उतरतो. मोठ्या मरळीला नुसते कल्ले पुरत नाहीत, म्हणून हवा हवीच. डोह आटला तर ती ओल्या चिखलात शिरते. कातडी आणि त्या पोकळ्या ओल्या राहिल्या की तग धरते. पहिल्या पावसात ओल्या गवतातून सरपटत शेजारचे डबकेही गाठते. बाजारात ती ओल्या गोणपाटात जिवंत येते आणि भावही चढाच घेते, त्याचेही कारण हेच. तलावात रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचे बीज सोडणाऱ्या मच्छीमार संस्था मात्र तिच्यावर रागावलेल्या असतात, कारण ती ते बीज खाते.

हैदराबादेत मृग नक्षत्राच्या सुरुवातीला बथिनी कुटुंब दम्यावरचे औषध म्हणून मरळीची जिवंत पिल्ले गिळायला देते आणि हजारो लोक रांगा लावतात. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. १९४८ पर्यंत जालनाही हैदराबादच्याच निजामी राज्यात होते. आज मरळ तेलंगणाचा राज्यमासा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान दिला समुद्रातल्या पापलेटला. जालना जिल्ह्यातल्या परतूरकरांनी समुद्राकडे बघत बसावे!

मरळीचा खरा थाट पावसाळ्यात दिसतो. उथळ, गवताळ काठाशी नर-मादीची जोडी वनस्पती बाजूला सारून मोकळी गोल जागा करते. पिवळसर अंड्यांत तेलाचा थेंब असल्याने ती तिथेच तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. मग पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा हलता घोळका दिसू लागतो. खाली आई-बाप पहारा देत असतात. जवळ येईल त्याच्यावर ते तुटून पडतात, बेडूक लावलेल्या गळावरही. लाल घोळका दिसला की गळ टाकायचा, ही युक्ती म्हणूनच हमखास चालते. जोडी गेली की पिल्ले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी पडतात.

दुष्काळाने जे साधले नाही ते या गळाने साधते, आणि उरलेले नाला खोलीकरणाच्या जेसीबीने. धरणा-तलावांतला गाळ निघालाच पाहिजे. दुष्काळी भागाला त्याशिवाय गत्यंतर नाही. पण काठ सरळ, उभे आणि बोडके झाले की घरट्यासाठी उथळ गवत उरत नाही. खोदाई करणाऱ्यांनी काठाचा एखादा पट्टा उतरता आणि गवताळ ठेवावा. आणि श्रावणात पाण्यावर लाल घोळका दिसला, तर महिनाभर तिथे गळ टाकू नये.

पुढच्या आठवड्यात : वाम.